डोळ्यांच्या साथीतली बकरी ईद

त्या बकरी ईदला मी आमच्या मशिदीच्या दारात उभा राहून लोकांचे डोळे तपासत होतो. ज्याचा डोळा लाल दिसेल त्याला समजावून घरी पाठवायचं, एवढंच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. फक्त एका माणसाला परत पाठवायला हवं होतं, त्याला पाठवलं नाही. तो मीच. ही गोष्ट आजवर तिघांनाच ठाऊक आहे: माझ्या बायकोला, आमच्या इमामसाहेबांना आणि ज्यांचं मी नुकसान केलं त्या चाचांना. माझंही वय आता उताराला लागलंय. लिहून टाकावं असं वाटतं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी साताऱ्याकडचा, घरात मराठी बोलणारा मुसलमान. बेंगळुरूच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि लग्नानंतर चारच महिन्यांत आम्ही जे. पी. नगरात बिऱ्हाड मांडलं. कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. यंत्रावरून उतरलेला भाग मापाच्या साच्यात घालून बघायचा. बसला तर पुढे जाऊ द्यायचा, नाही बसला तर लाल ठिपका देऊन बाजूला ठेवायचा. दिवसभर हेच.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. तिचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, पण घरात अजून मराठीच, कानडीत भिजलेलं. घर बघायला गेलो तेव्हा माझं नाव ऐकून ती क्षणभर थांबली होती. मग बायको माझ्याशी काहीतरी बोलली, ते ऐकून म्हणाली, "अय्यो, आपलं बोलतात की हे! सरी, सरी, ठीक आहे. सामान कधी आणता?"

मशिदीत मात्र सगळे दखनी उर्दू बोलायचे. माझी उर्दू शाळेतल्या पुस्तकासारखी ताठ होती, त्यामुळे तिथे मला 'मराठी साब' असं नाव पडलं. त्या नावात थट्टा होती आणि मायाही होती.

त्या जूनमध्ये डोळ्यांची साथ आली. बेंगळुरूत तिला मद्रास आय म्हणतात. मद्रासचे लोक तिला काय म्हणतात कोण जाणे. बघता बघता आमचा अर्धा विभाग रजेवर गेला. बसचे कंडक्टर काळा चष्मा लावून तिकिटं फाडू लागले. आजारी माणसाच्या डोळ्यांत नुसतं पाहिलं तरी रोग लागतो असा सगळ्यांचा समज होता. त्यामुळे धडधाकट माणसंही काळे चष्मे लावून फिरायची.

आमची मशीद तर साथीला आमंत्रण देणारीच होती. वुजूसाठी एकच हौद. त्यात सगळे हात, तोंड, पाय धुणार. खांबाला एक टॉवेल, त्याला सगळे तोंड पुसणार. दाराशी वेताच्या टोपलीत टोप्या, ज्यानं आणली नसेल त्यानं उचलायची. आणि शुक्रवारी खुत्ब्याआधी, म्हणजे इमामांच्या प्रवचनाआधी, चाचा सुरमा घालायचे. हे चाचा म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले जुने घड्याळजी. पितळेची सुरमेदानी घेऊन ते दारात बसायचे आणि एकाच सळईनं येईल त्याच्या डोळ्यांत सुरमा घालायचे. "आँख खोल. हिल मत. हौ, अब दूल्हा दिखरा!" साठीच्या माणसालाही ते दूल्हाच म्हणायचे.

ईदच्या आधीच्या शुक्रवारी इमामसाहेबांनी सगळं बदललं. ते उत्तरेकडचे, वयानं माझ्याएवढेच. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारलं, मग आपल्या उस्तादांना फोन लावून त्यांचंही मत घेतलं, आणि मग प्रवचनाच्या पायऱ्यांसमोर, मिंबरासमोर, उभे राहून सांगितलं. ज्याचे डोळे आलेत त्यानं मशिदीत यायचं नाही. त्याला शुक्रवार माफ, त्यानं घरी दुपारची जोहर पढावी. ईदलाही यायचं नाही. बाकीच्यांनी वुजू घरून करून यायचं, टोपी आणि मुसल्ला, म्हणजे नमाजेची चटई, आपापली आणायची. हौद उपसून कोरडा ठेवला जाईल. टॉवेल नाही, सुरमा नाही, हात मिळवणं नाही, गळाभेट नाही. कच्चा कांदा-लसूण खाऊन येणाऱ्यालासुद्धा शेजाऱ्याला त्रास नको म्हणून मशिदीपासून दूर राहायला सांगितलंय, मग रोग घेऊन येणाऱ्यानं काय करावं ते तुम्हीच ठरवा, असं ते म्हणाले. आणि जो यायची नियत असून दुसऱ्याच्या काळजीपोटी घरी थांबेल, त्याला सगळ्यांसोबत जमातीत नमाज पढल्याचा सवाब, ते पुण्य, मिळेल अशी उमेद ठेवा, असंही म्हणाले.

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "हजरत, ईद को गले मिलना भी नक्को?"

"नक्को." इतक्या वर्षांत त्यांनाही नक्को लागलं होतं.

"समधी आए तो?"

"सीने पर हाथ रखकू सलाम करो. समधी को लड़की दी, अब आँख भी देना है क्या?"

सगळी मशीद हसली. आणि मला अजून नवल वाटतं ते याचं की लोकांनी ऐकलं. कुरकुर झाली, पण ऐकलं. चाचांनी तर त्याच दिवशी सुरमेदानी रुमालात गुंडाळून घरी नेली. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले होते. दोन वर्षांपासून दुकान बंद होतं. घड्याळाची पाठ उघडली की आत नुसतं धुकं दिसतं, म्हणायचे. शुक्रवारचा सुरमा हेच त्यांच्या हाताला उरलेलं काम, तेही त्यांनी एका शब्दावर सोडलं. ईदनंतर दोन आठवड्यांनी एका शाळेत मोफत शस्त्रक्रियेचं शिबिर भरणार होतं. यादीत त्यांचं नाव होतं. दिवस मोजत होते ते.

दारावर कुणाला उभं करायचं असा प्रश्न आला तेव्हा चाचाच म्हणाले, "मराठी साब को रखो. फ्याक्ट्री में दिन भर खोट निकालना यहीच उनका काम." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार अभिमान वाटला.

ईदच्या पहाटे माझा डावा डोळा चिकटलेला होता.

कोमट पाण्यानं धुतला, उघडला. पांढऱ्यावर लाल रेघा पसरलेल्या. बायकोनं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "जाऊ नका हो."

"दारावर मी आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, तपासनीस खरा आहे."

मी म्हटलं, ईदची नमाज चुकली की चुकली. ती नंतर घरी एकट्यानं भरून काढता येत नाही. यात खोटं काही नव्हतं. पण हेच कारण दारात कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला आत सोडणार नव्हतो, हे मला तेव्हाही कळत होतं. वर मनाशी म्हटलं, एकच डोळा आहे, तोही थोडाच. मी काळा चष्मा लावला आणि निघालो.

जिन्याखाली अक्का रांगोळी घालत होती. चष्मा नीट करायला मी जरा वर उचलला, तेवढ्यात तिनं पाहिलंच. "अय्यो, डोळा लाल झालाय की रे! मद्रास आय की काय?"

"नाही अक्का, साबण गेला."

"साबण एकाच डोळ्यात कसा गेला रे?" असं म्हणून ती पुन्हा रांगोळीकडे वळली. मी चालू लागलो.

दारात माझ्या चष्म्याबद्दल कुणाला शंका आली नाही. तपासणाऱ्यानं स्वतःला जपायलाच हवं, असं सगळ्यांना वाटलं. मी हातात टॉर्च घेऊन एकेकाच्या डोळ्यांत बघत होतो. लाल डोळेवाले मुळात कमीच आले, बहुतेकजण आपणहून घरी थांबले होते. जे आले ते परत गेले. एक केळीवाला नवा कोरा शर्ट घालून आला होता, शर्टाच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. त्याचे डोळे चांगलेच सुजलेले. म्हणाला, "साब, आखरी सफ में, कोने में खड़ा रहूँगा."

मी म्हटलं, "घर पे बैठो भाई, सवाब उतनाच है."

तो निमूट वळला. त्याच्या मागचा पोरगेलासा माणूस मात्र हसत म्हणाला, "मराठी साब, तुम भी चश्मा उतारो, तुम्हारी भी देखते!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो, आणि त्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारला.

नमाजेला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत टोकाला उभा राहिलो. कुणाच्या शेजारी नको, एवढी सावधगिरी मी बाळगली होती आणि तिच्यावर खूश होतो. जो कोपरा मी केळीवाल्याला दिला नाही तोच मी घेतलाय, हे तेव्हा ध्यानातही आलं नाही. नमाज सुरू करणारी तकबीर होणार तेवढ्यात चाचा भिंत चाचपत उशिरानं आले आणि थेट माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. रांगेत फट ठेवायची नाही, ही त्यांची साठ वर्षांची सवय.

मला सरकता आलं असतं. रांग सोडून निघून जाता आलं असतं. मी हललो नाही.

सजद्यात कपाळ जमिनीला टेकायचं म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला होता. खुत्बा संपेपर्यंत डाव्या डोळ्यातून पाणी वाहून दाढीपर्यंत आलं. चाचा माझ्याकडे वळले. त्यांना चेहरा दिसत नव्हता, नुसतं काहीतरी ओलं चमकताना दिसलं असावं.

"रोरा क्या बेटा?"

मी मान खाली घातली.

"अम्मा-बावा की याद आई? कि नमाज में दिल भर आया?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "गले तो मिलना नै बोले हजरत. आँसू पोंछना मना नै बोले." आणि त्यांनी खिशातून धुतलेला, अत्तर लावलेला रुमाल काढला, माझे डोळे पुसले, मग त्यांनाही भरून आलं, तर त्याच रुमालानं आपले पुसले.

सगळं पाच-सहा सेकंदांत झालं. पण 'चाचा, थांबा' म्हणायला एक सेकंद पुरला असता. मी का नाही म्हटलं? भीती होतीच. पण खरं सांगायचं तर, नमाजेत रडणारा माणूस म्हणून कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे मला आवडलं होतं. ही कबुली मला सगळ्यात जड जाते.

चाचांनी ती गोष्ट मोहल्लाभर सांगितली. मराठी साब नमाजेत कसे रडले. चौथ्या दिवशी त्यांचे दोन्ही डोळे आले.

शिबिराच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांचे डोळे पाहिले आणि यादीतून नाव कापलं. डोळा पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. पुढचं शिबिर कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला हे बायकोनं सांगितलं. ती पाणी भरायला गेली तेव्हा नळावर ऐकून आली होती.

एव्हाना माझा दुसरा डोळाही आला होता आणि मी खरोखरच घरी बसलो होतो. दोन शुक्रवार मशिदीत गेलो नाही. कुणीही विचारलं नाही, साथच होती. आणि इथे मला एक गोष्ट संकोचत सांगायची आहे: ते दिवस सुखाचे गेले. संध्याकाळच्या मगरिबला आणि रात्रीच्या इशाला मी पुढे उभा राहायचो, बायको मागे मुसल्ला टाकायची. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून कधी नमाज पढली नव्हती. मी नेहमी मशिदीत, ती नेहमी घरात. एकदा मी कुराणातली एक आयत विसरलो आणि अडखळलो, तर मागून तिनं हळूच टाळी दिली. नमाज पढवणाऱ्याची चूक झाली की बाईनं अशीच खूण करायची असते. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपवल्यावर आम्ही दोघं खूप हसलो. पण दुआला हात वर केले की पुढे शब्दच यायचे नाहीत. चाचांचा रुमाल आठवायचा.

"मशिदीत जाऊन इमामसाहेबांना सांगा," बायको म्हणाली.

डोळे बरे झाल्यावर गेलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी मना केलेलं तुम्ही मोडलंत ते तुमच्या आणि अल्लाहच्या मधलं. तौबा करा, तो मोठा दयाळू आहे. पण चाचांचं जे गेलं त्याची माफी मी देऊ शकत नाही, आणि त्यांनी दिल्याशिवाय वरूनही मिळणार नाही. त्यांच्याकडे जा."

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, एवढंच. तरी जायला मी आणखी आठ दिवस घेतले.

चाचा मुलगी आणि जावयाकडे राहायचे. दुपारी एकटेच ओट्यावर बसले होते. मी समोर बसलो.

"चाचा, उस दिन मैं रोया नै था."

"फिर?"

"आँख आई थी. सुबह सेच. मेरेकू मालूम था."

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत ते तिकडे तोंड करून बसले. मला वाटलं, आता उठून आत जातील.

"मतलब वो नमाज के आँसू नै थे?"

"नै."

"अरे बावा! मैं सारे मोहल्ले में बोलकू आया! दामाद को ताना मारा, देख, मराठी साब नमाज में कैसा रोता, और तू जम्हाई लेता बोलके. अब उसकू क्या मुँह दिखाऊँ?"

मला हसू आलं आणि रडूही, आणि या वेळी डोळे चांगले होते. मी त्यांचा हात धरला. "चाचा, माफ करो."

"क्याम्प फिर आता," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "नै आया तो तेरे सर पे." आणि पुन्हा थांबून, "माफ किया, जा. माफ किया बोला ना. अब हाथ छोड़, दुखरा."

केळीवाल्याला मात्र मी कधीच सांगितलं नाही. त्याच्याकडून केळी घेत राहिलो.

शिबिर दसऱ्यानंतर पुन्हा लागलं. मी आदल्या दिवशी रजा टाकली आणि चाचांना घेऊन गेलो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं: सहा आठवडे वाकायचं नाही, डोकं खाली न्यायचं नाही, जोर करायचा नाही. थेंब दिवसातून चारदा. चाचांनी बाकी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "सजदा?"

"बिल्कुल नाही," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांचा हट्ट सुरू झाला. साठ वर्षांत सजदा सोडला नाही म्हणे. शेवटी इमामसाहेब आले. बसून, इशाऱ्यानं पढा, म्हणाले. मान जराशी झुकवायची, बस्स.

"इशारे से तो बीमार पढ़ते हजरत."

"और आप?"

"मैं तो अच्छा हूँ. एक आँख बाँधे, बस."

"डॉक्टरनं मना केल्यावर मुद्दाम वाकून डोळा घालवलात, तर त्याचा सवाब नाही, गुनाह होईल," इमामसाहेब म्हणाले. "चाचा, सुरमा सोडला तसं हेही सोडा. सहाच आठवडे."

चाचांनी मान डोलावली. पण माझा भरवसा नव्हता. मी कारखान्याला जाण्याआधी आणि आल्यावर त्यांच्याकडे जायचो. तीनदा साबणानं हात धुवायचो, थेंब घालायचो. बायको कधी खिमट पाठवायची. अक्कानं एकदा पातळ रसम भरून दिलं. "म्हाताऱ्याला चावायला लावू नको, स्वल्प दिवस पातळच दे." चाचा ते वाटीला तोंड लावून प्यायले.

एका संध्याकाळी मगरिबला ते खुर्चीवर बसले होते आणि मी शेजारी जमिनीवर. अर्ध्यात त्यांना विसर पडला, की मनच आवरलं नाही, खुर्चीवरून ते सरळ खाली वाकू लागले. मी माझी नमाज तशीच सोडली आणि हात पुढे केला. त्यांचं कपाळ माझ्या तळव्यावर आलं. गरम आणि जड. मी त्यांना हळूहळू वर केलं. त्यांनी तसंच बसून नमाज पुरी केली आणि सलाम फिरवल्याबरोबर म्हणाले, "बीच में हाथ कायकू लाया?"

"हजरत मना करके गए ना?"

"बड़ा आया हजरत का सिपाही." पण त्यानंतर वाकले नाहीत. एकदाही नाही. मान दोन बोटं झुकवायची, पुन्हा वर. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा होकार देतोय. मला त्या सहा आठवड्यांत त्यांच्या शेजारी बसून नमाजेत जेवढं मन लागलं तेवढं एरवी क्वचितच लागलं असेल.

सहा आठवड्यांनी पट्टी गेली, जाड भिंगांचा चष्मा आला आणि सजद्याची परवानगीही. दुसऱ्याच दिवशी, सुट्टीचा वार बघून, मी त्यांना जोहरला मशिदीत घेऊन गेलो. साथ केव्हाच सरली होती, हौदात पाणी होतं. जमात झाली. मग जो तो आपापली सुन्नत, जमातीनंतरची एकट्याची नमाज, पढू लागला. चाचा माझ्या उजव्या बाजूला. त्यांची नमाज नेहमी माझ्या आधी संपायची. त्या दिवशी माझी संपली तरी ते दुसऱ्या रकातीत, नमाजेच्या दुसऱ्या फेरीत, उभेच. नजर सजद्याच्या जागेवर लावलेली, ओठ थांबलेले. कमरेत वाकून रुकूत जाईनात. मला वाटलं, डोळ्यात कळ आली असेल, चक्कर आली असेल. हात पुढे करावा की करू नये, या विचारात मी अर्धवट उठलो, तेवढ्यात ते सावकाश झुकले. रुकू, मग सजदा, कपाळ पूर्ण जमिनीवर. उठले, बसले, सलाम फिरवला.

"क्या हुआ चाचा? आँख दुखरी?"

"चींटी थी," ते म्हणाले.

"कहाँ?"

"सजदे की जगह पे. शक्कर का दाना लेकू जारी थी. बोला, जाने दो पहले."

मी चटईवर पाहिलं. मला काही दिसेना.

"उधर, उधर," चष्म्यावर बोट टेकून ते अधीरपणे म्हणाले, "खंबे के पास गई."

मी खांबापाशी जाऊन वाकलो. ती खरंच तिथे होती, भेगेशी अडलेली, साखरेचा कण अजून न सोडता.